ट्रान्सपोर्टला स्वतःचा आवाज नसतो

सीडी वाचणारा डबा, म्हणजे ट्रान्सपोर्ट, वेगळा, वाचलेल्या आकड्यांचा आवाज करणारा डॅक वेगळा, आणि दोघांमध्ये एक केबल. जपानच्या अ‍ॅक्युफेजने १९८६मध्ये डीपी-८० आणि डीसी-८१ ही अशी जोडी काढली, पुढच्याच वर्षी सोनीची आर-वन जोडी आली, आणि तेव्हापासून हा वाद चालू आहे. भारी ट्रान्सपोर्ट घेतला की बास आवळला जातो, गायिकेभोवती मोकळी हवा जाणवते, तबल्याची शाई वेगळी ऐकू येते, असं शौकीन मंडळी शपथेवर सांगतात. कारणही देतात: चकती स्थिर फिरते, लेझर नेमका वाचतो, मग आवाज शुद्ध का होणार नाही?

हे सगळं तर्कट रेकॉर्ड प्लेयरवरून उचललेलं आहे. तिथे तबकडीचा वेग डळमळला की सूरच डळमळतो, म्हणून जड तबकडी आणि उत्तम मोटर यांना अर्थ आहे. सीडीत चकतीचं फिरणं आणि सुराचा काळ यांची फारकत मुळातच केलेली आहे. आतल्या कडेला चकती मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते, बाहेरच्या कडेला सुमारे २००. वाचलेले आकडे आधी छोट्या स्मृतीत साठतात आणि तिथून क्वार्ट्‌झच्या घड्याळाच्या ठोक्यावर, सेकंदाला ४४,१०० या ठरलेल्या गतीने बाहेर पडतात. स्मृती भरत आली की मोटर मंदावते, रिकामी होऊ लागली की वेग घेते. मोटरची ही धावपळ सुरापर्यंत पोचत नाही.

‘नेमकं वाचन’ म्हणाल, तर त्याची तजवीज १९८०च्या मूळ मानकातच आहे. आकडे विखरून लिहिलेले असतात आणि रीड-सॉलोमन पद्धतीचे जादा आकडे सोबत असतात. त्यामुळे सलग सुमारे ४,००० बिट, म्हणजे मागावरचा जवळपास अडीच मिलिमीटरचा तुकडा गेला, तरी मूळ आकडे परत मिळतात. अंदाजे नव्हे, तेच. ओरखडा त्याहून मोठा असेल तर यंत्र शेजारच्या आकड्यांवरून ठिगळ लावतं, तेही जमलं नाही तर टिकटिक होते किंवा गाणं अडखळतं. वाचनातल्या चुकीचा परिणाम असा ओबडधोबड असतो. ‘बास जरा सैल’ असली नाजूक चूक या रचनेतून निघूच शकत नाही.

संगणकाच्या डेटा-सीडीला दुरुस्तीचा एक जादा थर असतो, ऑडिओ सीडीला नसतो, हा आक्षेप खरा आहे. पण अ‍ॅक्युरेटरिपसारख्या व्यवस्थेत जगभरच्या लोकांनी आपापल्या स्वस्त ड्राइव्हवर उतरवलेल्या ऑडिओ सीडींचीच पडताळणी होते, आणि धड अवस्थेतल्या चकतीवरून उतरवलेल्या आकड्यांची पडताळणी-बेरीज (चेकसम) एकमेकांशी जुळते. हजार रुपयांच्या ड्राइव्हला जे साधतं, ते लाखाचा डबा अधिक चांगलं साधणार म्हणजे नेमकं काय करणार?

‘आकडे ते आकडे, विषय संपला’ म्हणणारेही घाईत असतात. केबलमधून आकड्यांसोबत त्यांची वेळही जाते आणि डॅकला ती सिग्नलच्या कडांवरूनच ओळखावी लागते. या जोडणीतच दोष आहे का, असा प्रश्न ख्रिस डन आणि माल्कम हॉक्सफर्ड यांनी १९९२मध्ये रीतसर विचारला होता. वेळेचा हा थरथराट, जिटर, खरा आहे. प्रश्न त्याच्या मापाचा आहे. १० किलोहर्ट्झच्या पूर्ण जोराच्या स्वराला एका नॅनोसेकंदाचा थरथराट लागला, तर उपजणारे उपस्वर मूळ स्वराच्या सुमारे ९० डेसिबल खाली राहतात. २००५च्या एका जपानी प्रयोगात संगीत ऐकताना श्रोत्यांना यादृच्छिक जिटर ओळखू आला तो शेकडो नॅनोसेकंदांच्या पातळीवर. बरं, हा थरथराट गाळण्याचं काम डॅकचं आहे. सोनीने १९८७मध्येच घड्याळ डॅकमध्ये ठेवून ट्रान्सपोर्टला त्याच्या मागे चालायला लावलं होतं. ट्रान्सपोर्ट बदलताच तुमचा डॅक वेगळा वाजत असेल, तर दोष डॅकचा आहे. विकणारा मात्र त्याला डॅकची ‘संवेदनशीलता’ म्हणतो!

फरक खरोखर ऐकू येतो, तो भलत्याच जागी. ऐंशीच्या दशकातल्या काही सीडींवर, विशेषतः जपानी छपाईच्या, वरचे स्वर मुद्दाम उचलून लिहिलेले असतात, अगदी वरच्या टोकाला सुमारे १० डेसिबल. ते परत खाली आणण्याची खूण चकतीवर असते. काही ट्रान्सपोर्ट ही दुरुस्ती स्वतःच करतात, काही नुसती खूण पुढे पाठवतात, आणि आजचे बरेच डॅक त्या खुणेकडे बघतही नाहीत. मग तीच चकती, तोच डॅक, आणि एका ट्रान्सपोर्टवर सतार किनरी वाजते. हा फरक कुणालाही कळेल. दुसरी जागा तांब्याच्या केबलवाटे येणाऱ्या अर्थिंगच्या गुणगुणीची. ऑप्टिकल केबल लावली की ती जाते.

बाकीच्या दाव्यांसाठी परीक्षा सोपी आहे. एकाच सीडीच्या दोन प्रती, दोन ट्रान्सपोर्ट, एकाच डॅकच्या दोन वाटा, आणि बदलणारा माणूस पडद्याआड. आकडे तेच असल्याने दोन्हींची पातळी आपोआप सारखी राहते, त्यामुळे मोठा वाजला म्हणून बरा वाटला, ही पळवाटही उरत नाही.

मग वेगळा ट्रान्सपोर्ट घेऊच नये का? जरूर घ्यावा. जुन्या प्लेयरचा लेझर थकलाय, सुटा भाग मिळत नाही, डॅक घरात आहेच, आणि कपाटात पुन्हा कधी न छापलेल्या मैफलींच्या सीडी आहेत, तर वाचणारं यंत्र हवंच. फक्त दुकानात जाताना कोरी करकरीत सीडी नेऊ नका. घरातली सर्वांत ओरखडलेली, विलंबित संपताना हमखास अडकणारी चकती न्या आणि ती कोणत्या डब्यात शेवटपर्यंत वाजते ते बघा.