जीपवाल्यांची रायफल आणि आपले दावे



रात्री कोयना-चांदोलीच्या कडेनं टॉर्चवाली जीप फिरते, तिच्यात पॉइंट टू-टूची रायफल असते. एवढ्याशा गोळीनं सांबर जागेवर पडत नाही. रक्त सांडत पळतं, आपल्या वाडीच्या ओढ्यात मरतं. जीप तोवर घाटाखाली. पंचनामा आपल्या दारात!

१९७२ च्या कायद्यानं शिकार गुन्हा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं जमीन, चराई, मध, हिरडा यांचे हक्क दिले, शिकारीचा नाही. म्हाताऱ्यांना हे पटत नाही, ठाऊक आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ५ नं रानातली जनावरं राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. आपले दावे अजून मंजूर व्हायचेत. तेव्हा चार पैशांसाठी वाट दाखवायला कुणी जाऊ नये. गाडीचा नंबर टिपा, ग्रामसभेत ठराव करा, वनखात्याला द्या आणि पोच घ्या.