चुका काढायच्या, पण कशा?



आज सुरुवात एका कोड्याने करू. ना. वि. ज. ही अक्षरे उलटीकडून वाचा बरं! काय झालं? ज. वि. ना. म्हणजेच जयंत विष्णू नारळीकर.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक होते कुणी नारायण विनायक जगताप. कथेला पहिले बक्षीस मिळाले आणि मग उलगडा झाला, की हे जगताप म्हणजे खुद्द डॉ. नारळीकर! तेव्हाही ते जगभर ठाऊक असलेले खगोलशास्त्रज्ञ होते. १९६५ सालीच त्यांना पद्मभूषण मिळाले होते. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून त्यांनी कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. एवढी लपवाछपवी कशाला? तर परीक्षकांनी लेखकाचे नाव बघून नव्हे, गोष्ट बघून गुण द्यावेत म्हणून.

पुढे २०२१ साली नाशिकच्या ९४ व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष हेच नारळीकर झाले. त्याच्या पुढचे, ९५ वे संमेलन एप्रिल २०२२ मध्ये आमच्या उदगीरला भरले. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. पण त्यांची ती युक्ती आपल्याला आजही उपयोगी आहे. नाव झाका, गोष्ट बघा.

ही युक्ती आज आपण एका फार गाजलेल्या गोष्टीवर वापरू. तीही १९७४ सालचीच, पण जपानमधली.

जपानी चित्रमालिकांना ॲनिमे म्हणतात, हे तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. डोरेमॉन आणि शिनचॅन त्यातलेच. तुमच्या आईबाबांना दूरदर्शनवरची 'जंगल बुक' आठवत असेल, तीही जपानमध्येच तयार झालेली. आपली आजची मालिका आहे 'अंतराळ युद्धनौका यामातो'. ६ ऑक्टोबर १९७४ ला ती तिकडच्या दूरचित्रवाणीवर सुरू झाली.

गोष्ट अशी. साल २१९९. गामिलास नावाच्या ग्रहावरचे लोक पृथ्वीवर किरणोत्सारी बॉम्ब टाकतात. समुद्र आटले आहेत, माणसे जमिनीखाली राहताहेत, आणि हाताशी फक्त एक वर्ष उरले आहे. अशा वेळी इस्कंदर नावाच्या दूरच्या ग्रहावरून राणी स्टार्शाचा निरोप येतो : 'किरणोत्सार धुऊन काढणारे यंत्र माझ्याकडे आहे, येऊन घेऊन जा.' सोबत ती एका अफाट इंजिनाचे आराखडेही पाठवते. दुसऱ्या महायुद्धात, ७ एप्रिल १९४५ ला बुडालेली 'यामातो' ही खरीखुरी युद्धनौका आटलेल्या समुद्राच्या तळाशी पडलेली असते. तिच्यातच हे इंजिन बसवून म्हातारे कप्तान ओकिता, तरुण कोदाई, युकी आणि बाकीचे खलाशी निघतात. अंतर किती? १ लाख ४८ हजार प्रकाशवर्षे!

ही गोष्ट मी वर्गात तोंडी सांगितली, तेव्हा पोरांनी श्वास रोखून ऐकली. ती संपल्याबरोबर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, राणी इंजिनाचा नकाशा पाठवती, मग त्या यंत्राचाच नकाशा का पाठवत न्हाई? एवढं जायचं कामच पडलं नसतं की!"

वर्गात हशा पिकला. पण बघा, पोराने नेमके बोट ठेवले होते. जगभरचे प्रेक्षकही याच जागी अडखळतात. मग वर्गात दोन तट पडले. एक म्हणाला, "एवढी गाजलेली मालिका, तिच्यात चूक कशी असेल?" दुसरा म्हणाला, "मग सगळीच गोष्ट भंगार!" माझ्या मते दोन्ही तट चुकले. गाजलेल्या गोष्टीतही चुका असू शकतात आणि चुका असलेली गोष्टही उत्तम असू शकते. मात्र चुका काढायचीही एक रीत असते. धान्य जसे निरनिराळ्या चाळण्यांनी चाळतात, तसे करायचे. आपण तीन चाळण्या घेऊ.

पहिली चाळणी विज्ञानाची. प्रकाश एका सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. जाऊन येऊन २ लाख ९६ हजार प्रकाशवर्षे एका वर्षात कापायची, म्हणजे प्रकाशाच्या जवळजवळ तीन लाख पट वेग झाला. आजच्या विज्ञानाप्रमाणे कोणतेही जहाज प्रकाशाइतक्याही वेगाने जाऊ शकत नाही. मग ही चूक का? थांबा. गणितात आपण 'समजा' म्हणतो की नाही? तसे लेखक इथे म्हणतो, 'समजा, अवकाशाची घडी घालून पलीकडे उडी मारता आली.' असे एखादे मोठे 'समजा' लेखकाला द्यावे. अट एकच, ते मांडले की शेवटपर्यंत पाळायचे. अवकाशात हवा नाही, तरी तोफांचा धडाडधूम आवाज येतो. ही मात्र चूकच. पण तेवढ्याने गोष्ट मोडत नाही.

दुसरी चाळणी गोष्टीच्या आतल्या हिशेबाची. स्टार्शाचा नकाशा इथे अडकतो, कारण लेखकाने स्वतःच बांधलेल्या जगात त्याचे पटेल असे उत्तर मिळत नाही. आणखी एक गंमत बघा. जहाजाच्या पोटाखाली एक दालन लटकलेले असते. लढाईत ते तुटते, आणि पुढे बघावे तर जागच्या जागी हजर! या दालनाची चाहते आजही थट्टा करतात. लढाईच्या गोष्टीत असला हिशेब महत्त्वाचा असतो. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी आमच्या उदगीरला निजामाला हरवले. पुढच्याच वर्षी पानिपतावर रसद तुटली आणि मराठ्यांच्या फौजेला उपाशीपोटी लढावे लागले. फौज शूर असली तरी तिला भाकरी लागते, तसे जहाज शूर असले तरी त्याला दुरुस्ती लागते. यामातोच्या लेखकांना हे अगदीच कळत नव्हते असे नाही. जहाजावर कारखाना दाखवला आहे, आणि एका भागात अन्न शोधायला खलाशी अनोळखी ग्रहावर उतरतात. म्हणजे हिशेब ठेवला, पण काही ठिकाणी विसरला.

तिसरी चाळणी सगळ्यांत बारीक, मनाची. पहिल्या मालिकेच्या शेवटी पृथ्वी दिसू लागते आणि आजारी कप्तान ओकिता तिच्याकडे बघत प्राण सोडतात. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते. पण १९८३ च्या चित्रपटात ओकिता परत येतात! कारण काय, तर म्हणे डॉक्टरांचा अंदाज चुकला होता, ते मेलेच नव्हते. मग आपण रडलो ते कशाला? माझ्या मते या तिन्हींत हीच चूक सर्वांत मोठी. आवाजाची चूक कानाला खटकते, नकाशाची डोक्याला. ही मात्र आपल्या विश्वासाला धक्का देते. लेखकाने एकदा असे फसवले, की पुढच्या वेळी कुणी मेले तरी आपण म्हणतो, 'येईल परत!'

तिन्ही चाळण्यांत काही ना काही अडकले. मग ही मालिका एवढी गाजली कशी? तेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. प्रत्येक भागात नवी लुटुपुटीची लढाई न दाखवता तिने एकच लांब प्रवास दाखवला. तिच्यातला शत्रू नुसता राक्षस नाही. गामिलास हा ग्रह स्वतःच मरायला टेकला आहे, म्हणून त्याला पृथ्वी हवी आहे. शेवटी त्यांची राजधानी बेचिराख होते, तेव्हा कोदाई नाचत नाही. उद्ध्वस्त नगर बघून त्याचे मन फाटते, आपण लढलो ते बरोबर का, असे त्याला वाटते. मुलांच्या मालिकेत असा प्रश्न विचारायला हिंमत लागते.

आणि चुकांमागे कधी कधी कारणही असते. पहिल्यांदा ही मालिका फारशी कुणी पाहिलीच नाही. त्याच वेळी दुसऱ्या वाहिनीवर 'हायडी' ही लोकप्रिय मालिका लागायची. ३९ भागांचा बेत होता, तो २६ वर आटोपावा लागला. पुनःप्रक्षेपण झाले, १९७७ मध्ये तिचा चित्रपट आला, तेव्हा कुठे तिचे नाव झाले. कारण कळले म्हणून चूक पुसली जात नाही. पण कारण कळले की आपली जीभ जरा जपून चालते.

आता यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. २०१२-१३ मध्ये यामातोची मालिका नव्याने झाली. मूळ मालिका बघत वाढलेल्या पिढीतल्या लोकांनी ती केली. त्यांनी काय केले असेल? जुन्या चुकांवर बोट ठेवून त्या दुरुस्त केल्या. नव्या मालिकेतल्या यंत्राला पृथ्वीच्याच स्मृतीचा अंश लागतो, म्हणून पृथ्वीवरच्या माणसांनी जाणे भागच पडते. नकाशाचा प्रश्न सुटला! जुन्या जहाजात एवढी विमाने मावणार कुठे, अशी शंका होती, म्हणून जहाजाची लांबी वाढवून ३३३ मीटर केली. मूळ मालिकेत ठळक म्हणावी अशी युकी ही जवळजवळ एकटीच स्त्री होती, आता स्त्री-खलाशी वाढल्या. जुना यामामोतो नावाचा वैमानिकही आता मुलगी झाला. तुच्छतेने नाक मुरडणाऱ्यांना हे जमले नसते. ज्यांनी गोष्टीवर जीव लावला, त्यांनाच तिच्या फटी नीट दिसल्या आणि बुजवताही आल्या.

म्हणून, मुलांनो, चूक काढताना चार गोष्टी पाळा. गोष्ट पूर्ण बघा किंवा वाचा, अर्ध्यावर निकाल देऊ नका. चूक नेमकी कुठे आहे, ती जागा दाखवा. नुसते 'बोअर आहे' म्हणणे ही तुमची आवड झाली, ती गोष्टीची चूक नव्हे. जे चांगले आहे तेही सांगा. आणि 'मी असतो तर काय केले असते' याचे उत्तर तयार ठेवा.

दोन शब्द पालकांसाठी. लेकरू टीव्हीसमोर बसून "हे असं कसं झालं?" म्हणाले, तर "गप बस, कार्टूनच आहे ते," असे म्हणू नका. त्याला विचारा, "तुला काय खटकलं?" आज जो मुलगा गाजलेल्या मालिकेतली फट शोधतो, तोच उद्या छापलेली बातमी, जाहिरात आणि पुढाऱ्याचे भाषणही चाळणीतून काढील. मोठ्यांचा मान ठेवावा, पण मान ठेवणे म्हणजे प्रश्न न विचारणे नव्हे. नारळीकरांसारख्या माणसाने स्वतःचे मोठे नाव झाकून गोष्ट पुढे ठेवली, हे त्यांना सांगा.

या आठवड्याचा अभ्यास : तुमची सर्वांत आवडती मालिका किंवा पुस्तक निवडा. वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढा. डावीकडे तिच्यातल्या तीन छान गोष्टी लिहा, उजवीकडे तीन चुका. प्रत्येक चुकीपुढे ती कोणत्या चाळणीत अडकली तेही लिहा आणि एका चुकीची दुरुस्ती स्वतः करून पाहा. आवडतीच निवडायची बरं का, नावडतीच्या चुका कुणीही काढील!