हातमोजे घातले तरी हात धुणे आवश्यकच

रुग्णालयात हातमोजे असताना हात धुण्याचा आग्रह अनाठायी आहे, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत ग्राह्य धरता येत नाही. कारण मोज्यांना डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असू शकतात आणि ते काढताना मनगटाकडची कड उलटली की बाहेरचे जंतू थेट त्वचेवर येतात. हात धुण्याने काय साधते, हे जुन्या अनुभवातूनही दिसते: व्हिएन्नात १८४७ मध्ये प्रसूतितज्ज्ञ सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्यास लावले, तेव्हा तेथील मातांच्या मृत्यूचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांवरून काही महिन्यांतच २ टक्क्यांच्या आसपास आले. सॅनिटायझर सर्वत्र पुरतो, हेही खरे नाही. क्लॉस्ट्रिडियम डिफिसील या अतिसारकारक जिवाणूचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातील सुप्त रूप, सॅनिटायझरमधील अल्कोहोलने मरत नाहीत, तेथे साबण आणि वाहते पाणीच लागते व त्याची सोय प्रत्येक कक्षात करणे ही व्यवस्थापनाची जबाबदारी आहे.