आधी हात बघा, मग वही

पहिली-दुसरीतल्या मुलांच्या पालकांनो, आजी-आजोबांनो, एक कळकळीची विनंती आहे. कृपा करून ती पुढच्या वर्षावर ढकलू नका. मूल लिहायला बसलं की रोज दहा मिनिटं त्याच्या शेजारी बसा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

आपण सगळे लिहून झालेली वही बघतो. पान भरलं, शाळेच्या ग्रुपवर फोटो गेला, गृहपाठ संपला! ते अक्षर उमटलं कसं, हे कोण बघतं? एकदा 'क' काढायला सांगा आणि नुसते बघत राहा. कित्येक मुलं आधी शिरोरेघ ओढतात, दंड खालून वर नेतात, मध्येच पेन्सिल उचलून डावा गोल उलटा फिरवतात. कागदावर 'क'च दिसतो. पण तिसरी-चौथीत लिखाण वाढलं की हेच मूल मागे पडतं, बोटं दुखतात म्हणतं, आणि आपण त्याला आळशी ठरवून मोकळे होतो. ठिपके जोडायच्या पुस्तकांवर भिस्त ठेवू नका. ठिपके कुठूनही जोडले तरी अक्षर होतंच. बाई फळ्यावर ज्या क्रमाने काढतात तोच क्रम घरी ठेवा, शिरोरेघ शब्द पुरा झाल्यावर. आणि अक्षर वाईट आलं म्हणून दहा वेळा लिहून घेऊ नका. त्याने चुकीचं वळणच पक्कं होतं.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या १९व्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आणि त्यात शाई, कागद, बोरू यांचाही विचार केला. आपण मात्र साडेतीन वर्षांच्या पोराला चौरेघी वही आणि टोकदार पेन्सिल देतो. त्या वयात मनगटाची काही हाडं अजून कूर्चेचीच असतात, हो! बालवाडीतल्या मुलाला मोठी पाटी आणि खडूचा बोटाच्या पेराएवढा तुकडा द्या. एवढा तुकडा मुठीत धरताच येत नाही, तीन बोटांची पकड आपोआप बसते. मटार सोलू द्या, चिमटीने रांगोळी सोडू द्या. सांडेल, सांडू दे.

डावखुऱ्या मुलाचा हात बदलायला जाऊ नका. वहीचं वरचं टोक उजवीकडे कलतं ठेवा, बाकावर त्याला डाव्या टोकाला बसवा. शेजाऱ्याच्या कोपराशी मारामारी थांबेल.

ज्यांचे आईवडील रात्री उशिरा कामावरून परततात, त्या मुलांशेजारी कोण बसणार? निवृत्त शिक्षकांनो, वाचनालयांनो, गणेश मंडळांनो, हे तुमच्याकडे मागणं आहे. संध्याकाळी अर्धा तास जागा आणि उजेड द्या, पाट्या आणि खडू आणा. वर्गणीतून तेवढं सहज निघेल. फक्त एका माणसाकडे पाच-सहापेक्षा जास्त मुलं देऊ नका. तीस मुलांत पाट्या तपासून होतील, हात दिसणार नाहीत.