दार बांधलेलं, पोर भट्टीवर



तरुण पोरांची पाहणी करणारी माणसं पौषात पुन्हा येऊन गेली. दोन वर्षांपूर्वी ज्यांची नावं लिहून नेली त्याच पोरापोरींना परत भेटायचं, शाळा चालू आहे की सुटली, लग्न झालं का, काम काय करतात ते विचारायचं, अशी ही पाहणी. काम चांगलं आहे. एकदाच विचारलं तर पोर आज कुठे आहे तेवढंच कळतं. तेच पोर दर दोन-तीन वर्षांनी भेटलं तर ते तिथे कसं पोचलं ते कळतं.

पण पौषात आपल्या पाड्यावर असतं कोण? दिवाळी झाली की उचल घेतलेली घरं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात. दारं दोरीने बांधलेली. पाहणीवाल्या ताईंनी कागदावर ‘भेट झाली नाही’ लिहिलं अन् पुढे गेल्या.

मी विचारलं, ताई, एवढी पोरं सुटली तर हिशोब खोटा नाही का होणार? त्या म्हणाल्या, त्याला उपाय आहे, जे सापडले त्यांना वजन देतात.

हे वजन काय ते नीट समजून घेऊ. समजा, पहिल्या खेपेला शंभर पोरं लिहिली. साठ घरी राहणारी, चाळीस भट्टीवर जाणारी. दुसऱ्या खेपेला साठांतली चोपन्न भेटली, चाळिसांतली फक्त दहा. नुसती गोळाबेरीज केली तर चौसष्टांत चोपन्न घरचीच, मग शाळा सुटलेली पोरं थोडीच दिसणार. म्हणून त्या दहांतल्या एकेकाचं उत्तर चार पोरांचं म्हणून मोजायचं. घरच्या चोपन्नांना एकाहून जरा जास्त वजन द्यायचं. मग पुन्हा साठ अन् चाळीस जुळतात. यात लबाडी नाही. काहीच न करण्यापेक्षा हे बरं.

घोटाळा पुढे आहे. ते दहा पौषात घरी का होते? एखादीला बाळ झालेलं, एखादा आजारी. पण आमच्या पाड्यावर मी पाहतो, यंदा थांबलं ते घर बहुतेक फॉरेस्ट प्लॉटवालं. भात पुरलं, उचल घ्यावी लागली नाही. म्हणजे प्लॉटवाल्याचं पोर प्लॉट नसलेल्या तिघांच्या वतीने बोललं. डोकी जुळली, पण जो त्या दिवशी विटा वाहत होता त्याचं उत्तर कुणी दिलंच नाही.

आणखी एक. वजन कुणाला किती द्यायचं ते मागच्या खेपेच्या माहितीवरून ठरतं. पहिल्या खेपेच्या कागदात लिहिलं होतं, ‘बापाचा धंदा: शेती’. घर भट्टीवर जातं का, किती महिने, प्लॉट आहे की नाही, हे विचारलंच नव्हतं. मग त्या शंभरांत चाळीस कोण ते त्यांना कळणार कसं? मी वर केला तेवढा हिशोबसुद्धा त्यांना करता येणार नाही.

हे नीट करता येतं. शेजारी, तेव्हाच्या आंध्र प्रदेशात (आताचं तेलंगण धरून), २००२ साली ‘यंग लाइव्ज’ नावाची पाहणी सुरू झाली. २० ठिकाणची सुमारे ३,००० पोरं: दोन हजार वर्षाच्या आसपासची, हजार आठ वर्षांची. गरीब भाग मुद्दाम जास्त घेतले, म्हणून हे आकडे अख्ख्या राज्याचे समजू नका असं ते स्वतःच सांगतात. पण पोर गाव सोडून गेलं तर त्याचा पत्ता काढून ते मागे गेले. २०१६ च्या खेपेलाही शंभरातली नव्वदहून जास्त पोरं त्यांच्या वहीत होती. ज्याला गाठलं, त्याच्यासाठी दुसऱ्याला वजन द्यावं लागत नाही.

आपलं म्हणणं त्यांना लिहून देऊ. पुढच्या खेपेला आवणीच्या दिवसांत या, सगळे घरी असतात. रात्री या, दिवसा शेतात असतात. भट्टी अन् प्लॉट यांचे प्रश्न कागदात घाला. पौषातच यायचं तर भट्टीवर जा, मात्र शेठसमोर विचारू नका, पोर खरं बोलणार नाही.

आपलंही काम आहे. कोणतं घर कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या भट्टीवर गेलं ते पाड्यापाड्यावर एकाने लिहून ठेवायचं. ती वही पाड्यातच राहील, मुकादमाच्या हाती पडता कामा नये. ज्यांना लिहिता येतं त्यांनी पुढच्या बैठकीला वही घेऊन यावं. पोरींनीही यावं, बायकांची नावं पुरुष विसरतात.