पत्ते सर्वांना पुरतील, पण वापर?

आज शिष्यवृत्तीचा अर्जही मोबाइलवरून भरावा लागतो. म्हणून महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांत काम करताना इंटरनेटचे तांत्रिक वाटणारे प्रश्नही आम्हाला सामाजिक वाटतात.

इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला क्रमांकाचा पत्ता लागतो. जुन्या आयपीव्ही४ पद्धतीत असे जेमतेम ४२९ कोटी पत्ते आहेत. जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या वर. २०११ मध्ये जागतिक साठा संपला. आधी आलेल्यांनी भरपूर पत्ते घेऊन ठेवले होते. उशिरा आलेल्यांना एकेक पत्ता अनेकांत वाटून घ्यावा लागला. अशा सामायिक पत्त्यावरून एकाने गैरवापर केला आणि तो पत्ता अडवला गेला, की निरपराधही अडकतात.

आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत पत्त्यांचा तुटवडाच नाही. ती १९९८ मध्येच ठरली होती. मोबाइल कंपन्यांमुळे भारत आज तिच्या वापरात आघाडीवर आहे. पण अनेक संकेतस्थळे अजूनही जुन्याच पद्धतीवर चालतात.

ठराव आणि वापर यांतले अंतर महाडला चांगले ठाऊक आहे. १९२३ चा बोले ठराव झाला, १९२४ मध्ये नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. पाण्याला हात मात्र २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांच्या नेतृत्वाखालीच लागला. दोन्ही गोष्टींची बरोबरी होऊच शकत नाही; धडा मात्र घेता येतो.

म्हणून विहारांची, संस्थांची संकेतस्थळे सांभाळणाऱ्या तरुणांनी होस्टिंग कंपनीला थेट विचारावे: आमचे संकेतस्थळ आयपीव्ही६ वर आहे का? नसेल, तर कधी येणार?

जय भीम!