दुसरी चढाई

कबड्डीत चढाई करणारा एका दमात परक्या अंगणात जातो आणि परत येतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात त्या त्याच्यासाठी. रेषेबाहेर बसून त्याच्याकडे टक लावून पाहणाऱ्या माणसाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गेल्या वर्षापर्यंत माझेही जात नव्हते.

वेल्ह्याकडच्या एका गावच्या जत्रेत खेळताना माझा उजवा गुडघा गेला. डॉक्टरांनी मैदान बंद केले. पोलीस भरतीसाठी पहाटे उठून धावणेही त्याबरोबर थांबले. वडील एवढेच म्हणाले, "खेळाचा नाद सुटला, आता काहीतरी कामाचं बघ." त्यांचे खोटे नव्हते. परंतु खेळणे थांबले म्हणजे खेळच संपला काय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे. त्याचे उत्तर शोधताना मला अनुपकुमार आठवला.

हरियाणाचा हा चढाईपटू २०१० आणि २०१४ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. २०१२ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. २०१५ मध्ये प्रो कबड्डीचे विजेतेपद मिळवणाऱ्या मुंबईच्या संघाचा तो कर्णधार होता. २०१६ मध्ये अहमदाबादला त्याच्याच नेतृत्वाखाली भारताने अंतिम सामन्यात इराणला नमवून विश्वचषक जिंकला. बोनस रेषेपलीकडे अलगद पाय टेकवून गुण घेऊन परतणारा तो शांत खेळाडू आमच्या पिढीतल्या कित्येकांचा आदर्श होता. २०१८ च्या डिसेंबरात तो निवृत्त झाला आणि पुढच्याच हंगामात आपल्या पुण्याच्या संघाचा, म्हणजे पुणेरी पलटणचा, प्रशिक्षक झाला.

एवढा मोठा खेळाडू, तेव्हा संघ पहिला येणार, असेच आम्हां सर्वांना वाटले होते. प्रत्यक्षात त्या वर्षी बारा संघांत पलटण दहावी आली. कट्ट्यावर आम्ही त्याला किती नावे ठेवली! आज त्याची लाज वाटते. खेळणे आणि शिकवणे ह्या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे आम्हांला ठाऊकच नव्हते. खेळाडूला स्वतःचा दम सांभाळायचा असतो. प्रशिक्षकाला सात जणांचा दम ओळखायचा असतो, आणि त्यांतल्या एकाच्याही वतीने श्वास घेता येत नाही.

पुढचा हंगाम डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाला. त्यात अनुपकुमारने अस्लम इनामदार आणि मोहित गोयत ह्या नवख्या पोरांवर भिस्त ठेवली. अस्लम आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. त्या हंगामात पलटणने बाद फेरी गाठली, पण तिथेच ती अडली. त्यानंतर प्रशिक्षक झाले ते बी. सी. रमेश. तेही भारताकडून खेळलेले. त्यांनी पुढच्याच हंगामात संघाला उपविजेतेपद मिळवून दिले आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला पलटण पहिल्यांदा विजेती झाली. त्या दिवशी कर्णधार होता अस्लम इनामदार. रोप एकाने लावले, राखले दुसऱ्याने, आणि फळ साऱ्या पुण्याने खाल्ले. शिक्षकाचे भाग्य बहुधा असेच असते. आपल्या प्राध्यापकांना हे निराळे सांगायला नको.

शिक्षणाची ताकद आणखी एका घटनेने मला पटली. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांना अंतिम सामन्यात इराणने २७-२४ असे हरवले. इराणच्या मुलींना शिकवले होते आपल्या नाशिकच्या शैलजा जैन ह्यांनी. भारत हरला म्हणून मलाही वाईट वाटले. परंतु एक मराठी बाई परक्या देशात जाऊन आपला खेळ इतका चांगला शिकवते, ह्याचा अभिमान त्याहून मोठा वाटला.

आता आपल्याकडे पाहू. भोर-वेल्ह्याच्या भातखाचरांत वाढलेल्या पोरांच्या पायांत बळ आहे आणि छातीत दम आहे. जत्रेच्या मैदानांवर खेळाडूंचा तोटा कधीच नव्हता. तोटा आहे तो परत येणाऱ्यांचा. चांगला खेळाडू नोकरीला लागतो, पुण्या-मुंबईला जातो आणि त्याच्याबरोबर त्याची विद्याही जाते. मागची पोरे पुन्हा श्रीगणेशापासून सुरुवात करतात. पकड कशी करावी हे कोणी न सांगितल्यामुळे खांदे निखळतात, गुडघे जातात. माझाही तसाच गेला.

कोणी विचारील, पलटणच्या प्रशिक्षकाला पैसा मिळतो, गावातल्या पोरांना शिकवून काय मिळणार? प्रश्न रास्त आहे, आणि केवळ ध्येयवादाने पोट भरत नाही हे मलाही कळते. परंतु पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम आहे, शारीरिक शिक्षणाची पदवी आहे. ह्या वाटा आपल्या मुलांना पदवीच्या पहिल्याच वर्षी कोणी का दाखवू नयेत? आणि जे ह्या वाटेने जाणार नाहीत, त्यांनी सुट्टीला गावी आल्यावर दोन संध्याकाळी मैदानावर द्याव्यात, ही अपेक्षा फार आहे काय?

मी स्वतः दिवाळीपासून गावच्या शाळेमागे बारा पोरांना घेऊन बसतो. पळून दाखवता येत नाही, म्हणून सांगावे लागते. सांगायचे म्हणून आधी स्वतः विचार करावा लागतो. खरे सांगतो, खेळत होतो तेव्हा कबड्डी मला इतकी कळली नव्हती. वडील परवा कुंपणापाशी उभे राहून बघत होते. काही बोलले नाहीत, पण अंधार पडेपर्यंत थांबले.

माझी पहिली चढाई अर्ध्यावर पकडली गेली. ही दुसरी आहे. दम टिकेल असे वाटते.